कारखानीस वकिलांची ना हरकत

माझ्या बहिणीची केस घेऊन कारखानीस वकिलांना काय मिळणार, ते मी आधीच मोजून ठेवलं होतं. फी म्हणाल तर फार नाही. शालन आजवर ब्लाऊज शिवून पोट भरत आलेली, माझ्याच घरात राहणारी विधवा बाई, आणि मी तिचा थोरला भाऊ रघुनाथ तारळेकर, कोर्टाच्या आवारात चिंचेखाली मराठी टाईपरायटर घेऊन बसणारा. आमच्याकडून निघून निघून किती निघणार? पण नाव मिळणार होतं. आमच्या तालुक्यात डॉक्टरवर केस कुणी केलीच नव्हती. पहिली करणाऱ्याचं नाव सांगलीच्या पेपरात येणार. बारच्या निवडणुकीत दहा मतं वाढणार. गावातले बाकीचे डॉक्टर रस्त्यात थांबून नमस्कार करणार, ते वेगळंच. एवढं पदरात पडत असताना शहाणा माणूस काम टाळेल कशाला? असा माझा हिशेब. त्यात एक रकाना मी रिकामा सोडला होता, आणि तो चुकून सुटलेला नव्हता.

एक सप्टेंबर, बुधवार. सकाळची गर्दी ओसरली होती. शेजारच्या टेबलावरून इनुस मुलाणी माझ्याकडे वाकला. वीस वर्षं आम्ही एकाच झाडाखाली बसत होतो.

"तारळेकर, शालनताईच्या अर्जाची एक कार्बन प्रत दे की."

"कसला अर्ज?"

"ग्राहक मंचाचा. एक फ्रीजवाला आलाय. फ्रीज गार करत नाही म्हणून कंपनीवर तापलाय. मला त्या अर्जाचा मथळा ठाऊक नाही, तुझ्यात बघून मारतो."

"मी कुठं टाईप केलाय? तो तूच केलास ना?"

"मी?" इनुसनं चष्मा कपाळावर चढवला. "अरे, सख्ख्या बहिणीचा अर्ज, मला वाटलं तूच केला असणार."

माझी बोटं कळांवरच राहिली. चौदा महिन्यांपूर्वी वकीलपत्रावर शालनची सही घेताना कारखानीस म्हणाले होते, "तारळेकर, हा अर्ज तुम्ही टाईप करू नका. आपल्या माणसाचं दुखणं टाईप करताना हात थरथरतो, चुका होतात. मी मुलाणींकडे देतो." मला ते किती जिव्हाळ्याचं वाटलं होतं. मार्च महिन्यात त्यांनी सांगितलं, "दाखल केलंय, आता तारीख पडेल."

कोर्टात टायपिस्टांची टेबलं चार. मी उठलो आणि उरलेल्या दोघांना विचारून आलो. जोशीकाकांनी मान हलवली. स्टॅम्पवाल्याशेजारी बसणाऱ्या बाईंनी तर वही काढून दाखवली. शालन पांडुरंग भिसे हे नाव कुणाच्याच टेबलावरून गेलं नव्हतं. वकील तोंडानं काहीही बोलू शकतो, पण कागद आमच्या चौघांपैकी कुणाच्या तरी बोटांखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. अर्ज दाखल नव्हता. अर्ज जन्मालाच आला नव्हता.

आणि मुदत दोन वर्षांची.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, आठ तारखेला, शालन न्हाणीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. हिरवे डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. हाडांचा डॉक्टर म्हणजे आमच्या तालुक्यात तेच एक. रात्रभर ती कळवळत होती. नऊ तारीख कशीबशी काढली. दहाला सकाळी मीच तिला परत दवाखान्यात नेलं. बोटं सुजून काळी पडली होती. डॉक्टरांनी दारातूनच बघितलं. म्हणाले, "प्लास्टर म्हटल्यावर दुखणारच. हात उंच ठेवा." एका चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं, खाली एका गोळीचं नाव, तारीख आणि सही. बारा तारखेला आम्ही मिरजेला पळालो. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टर कापलं आणि कापणाऱ्या वॉर्डबॉयनं तोंड फिरवलं. प्लास्टर घट्ट बसून आतला रक्तपुरवठा तुटला होता. हात वाचला, पण बोटं जी आत वळली ती वळलीच. ज्या हातानं शालन कापडावर नुसत्या नजरेच्या अंदाजानं खडू ओढायची, त्या हातात आता चहाचा कपसुद्धा राहत नव्हता.

म्हणजे बारा सप्टेंबर ही शेवटची तारीख. कॅलेंडर बघितलं. बारा रविवार. अकरा दुसरा शनिवार. कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, दहा. आठ दिवस हातात, आणि ती दहा तारखेची चिठ्ठी, मिरजेचे कागद, एक्स-रे, सगळं अस्सल कारखानिसांच्या कपाटात. झेरॉक्ससुद्धा मी ठेवली नव्हती. हजारो लोकांना "एक प्रत जवळ ठेवा हो" म्हणून सांगणारा मी.

संध्याकाळी कारखानिसांच्या ऑफिसात गेलो. गोरापान, मृदू माणूस. आवाज कधी चढायचा नाही. मला बघून त्यांनी चहा मागवला.

"साहेब, शालनचा अर्ज दाखल झालाय का?"

"का हो? कुणी काही बोललं?"

"टाईप कुणीच केलेला नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "अहो तारळेकर, ही काय बांधाची भांडणं आहेत का, उठलं की दावा टाकला? वैद्यकीय निष्काळजीपणा आहे हा. तज्ज्ञ डॉक्टराचं मत लागतं. दुसऱ्या डॉक्टरानं लेखी द्यायला हवं की हिरव्यांचं चुकलं. कोण देतो? मी त्याच खटपटीत आहे."

"पण मार्चमध्ये तुम्ही म्हणालात..."

"दाखल केल्यातच जमा आहे, असं म्हणालो."

"बारा तारखेला मुदत संपते."

"मुदतीचं माझ्यावर सोडा. विलंब माफीचा अर्ज कशासाठी असतो? चहा घ्या, गार होतोय."

"कागद तरी द्या साहेब. एकदा बघतो."

"कागद घरी आहेत. सोमवारी या."

चहा मी प्यालो. नको असताना प्यालो. त्यांच्यासमोर कप तसाच ठेवून उठण्याची माझी टाप नव्हती.

सोमवारी साहेब कोल्हापूरला गेले होते. मंगळवारी मी दुसरा वकील शोधायला निघालो. आमच्या बारमध्ये चाळीस वकील. चाळिसांचे अर्ज मी टाईप केलेले, कोण कुठल्या वाक्याला अडखळतो तेसुद्धा मला पाठ. डॉक्टरच्या केसला उभा राहील असा मात्र एक सापडेना. एकाच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन येत्या बुधवारी हिरव्यांकडेच होतं. दुसऱ्याचा मेहुणा हिरव्यांच्या औषध दुकानात भागीदार. तिसरे तरुण होते, तडफदार म्हणून नाव होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चुकचुकले, मग म्हणाले,

"वकीलपत्र कुणाकडे आहे?"

"कारखानीस साहेबांकडे."

"मग त्यांची ना हरकत घेऊन या. त्याशिवाय मी हात लावला तर बारमध्ये मला उभं करणार नाहीत. तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

सांगायला नकोच होतं. एका वकिलाकडचं काम दुसऱ्यानं घ्यायचं तर पहिल्यानं लिहून द्यायचं: 'माझी हरकत नाही.' हा आमच्या कोर्टाचा रिवाज. असले कागद मी डोळे मिटून टाईप केलेत. वकिलाच्या सहीशिवाय आणि वकिलाच्या ना हरकतीशिवाय कागद हलत नाही हे माझ्या हाडात इतकं मुरलं होतं, की सूर्य उगवायलासुद्धा कुणाचं तरी वकीलपत्र लागत असेल असंच मी धरून चाललो होतो.

घरी आलो तर शालन दारातच उभी.

"दादा, आठ दिवस झाले, तू जेवताना भाकरी मोजल्यासारखी बघतोयस. काय झालंय?"

सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं तेवढं सांगितलं. ती ओरडली नाही. डाव्या हातानं पदर खोचला आणि म्हणाली, "उद्या मी येते तुझ्या वकिलाकडं."

बुधवारी, आठ तारखेला, आम्ही दोघं गेलो. बाहेरच्या बाकावर तीन पक्षकार बसले होते. शालन आत शिरताना त्यांच्याकडे बघत बघतच आली. ब्लाऊजवाल्या बाईची नजर, माणसाला एकदा बघितलं की माप घेतलंच.

"बसा ताई. हात कसा आहे?" कारखानिसांनी विचारलं.

"होता तिथंच आहे."

"मी काय म्हणतो, केस म्हणजे पाच-सात वर्षं. सांगलीच्या खेपा. उलटतपासणीत त्यांचा वकील नाही नाही ते विचारणार. हिरवे माणूस म्हणून वाईट नाहीत. समजुतीनं घेतलं तर ते तुम्हाला हॉस्पिटलात कामावर ठेवायला तयार आहेत. चादरी, गाऊन मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे. बसून काम. दर महिन्याला पगार."

मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. मी शालनकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

"दादा, आपली केस दाखल झाली?"

"नाही."

"डॉक्टरला नोटीस गेली?"

"नाही."

"मग वकीलसाहेब, आम्ही केस करणार म्हणून डॉक्टरला सांगितलं कुणी?"

वर पंखा कुरकुरत होता. कारखानिसांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

"लहान गाव आहे, ताई."

"लहान आहे. पण मी कुणाला बोलले नाही. दादा तर झोपेतसुद्धा बोलत नाही. शेजारणीनं विचारलं तर मी सांगते, वात आलाय."

"तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"नाही हो. विचारतेय. कागद द्या आमचे."

"फाईल शोधावी लागेल. आणि ना हरकत हवी असेल तर तीही देईन, मी कशाला अडवू? फक्त उरलेली फी द्यायची. पाच हजार."

"कशाची फी?"

"सल्ल्याची," कारखानीस म्हणाले, आणि आवाज त्याही वेळी चढला नाही.

आम्ही बाहेर आलो. पाच हजार माझे दोन महिने होते, आणि ते दिले तरी फाईल शुक्रवारच्या आत सापडणार नाही हे मला कळून चुकलं होतं. चिंचेखाली इनुस वाट बघत बसला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगलीला जा. मंचाच्या दारातच वकील उभे असतात म्हणतात. तिथल्यांना हिरवे काय न् फिरवे काय. कुणीतरी घेईल."

"ना हरकत?"

"आधी जा तर, बाबा!"

गुरुवारी सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. साडेदहाला ग्राहक मंचाच्या खिडकीपाशी उभे. आत एक कारकून बाई, केसात अबोलीचा गजरा, समोर कागदांचा ढीग.

"मॅडम, इथं डॉक्टरच्या केसेस करणारे वकील कोण आहेत?"

"सात-आठ आहेत. काम काय आहे?"

मी सांगायला लागलो. मुदत उद्या, वकीलपत्र एकाकडे, कागद त्यांच्याकडे, ना हरकत मिळत नाही, आणि तिच्याशिवाय नवा वकील हात लावणार नाही. बाईंनी मध्येच हात वर केला.

"दाखल झालंय का काही?"

"नाही."

"मग कसली ना हरकत? आणि वकील कशाला पाहिजे?"

"म्हणजे?"

"अहो, हे कोर्ट नाही, मंच आहे. तक्रारदार स्वतः अर्ज देऊ शकतो. साध्या कागदावर. फी नाही, स्टॅम्प नाही. काय झालं ते लिहायचं, काय पाहिजे ते लिहायचं, शपथपत्र जोडायचं, खाली सही. असतील त्या कागदांच्या झेरॉक्स. कुणाकडे कागद अडकले असतील तर तसं लिहायचं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही काय करता?"

माझ्याऐवजी शालननं उत्तर दिलं. "कोर्टात टायपिस्ट आहे. बावीस वर्षं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी नुसता गजरा सारखा केला. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून मिरजेला गेलो. दवाखान्यात दोन तास थांबून डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत काढली. त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं: घट्ट प्लास्टर, पाच दिवसांचं. पण दहा तारखेला आम्ही परत गेलो होतो, डॉक्टरांनी बोटं बघितली होती आणि तरी प्लास्टर कापलं नव्हतं, हे सांगणारी चिठ्ठी नव्हती ती नव्हतीच.

परतीच्या एसटीत शालन खिडकीशी बसली. बाहेर बघतच म्हणाली,

"दादा, काल कारखानिसांच्या बाकावर तिघं बसलेली. एकाच्या पायाला प्लास्टर, एकाच्या हाताला, एकजण कुबडीवर. तिघांच्या हातात हिरव्यांच्या दवाखान्याची एक्स-रेची पाकिटं."

"अपघाताचे दावे असतात त्यांचे. मोटारीनं उडवलेले."

"त्या दाव्यात काय लागतं?"

"अपंगत्वाचा दाखला. किती टक्के अपंगत्व, त्यावर भरपाई ठरते."

"दाखला कुणाचा?"

मी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"हिरवे डॉक्टरांचा."

"सगळ्यांमध्ये?"

"बहुतेक."

"आणि टाईप कोण करतं?"

गाडी कुठल्यातरी फाट्यावर थांबली. दोन बायका चढल्या, कंडक्टरनं घंटी दिली.

"मी," म्हटलं.

हाच तो रकाना. कारखानीस अपघाताचे दावे लावायचे, हिरवे टक्केवारी लिहून द्यायचे, आणि ती दोन्ही नावं एका पानावर मी माझ्या बोटांनी उमटवायचो. वर्षाला साठ-सत्तर दावे, दहा वर्षं. हिरव्यांच्या दाखल्याशिवाय कारखानिसांचं दुकान चालत नाही हे कोर्टात कुणाला ठाऊक असेल तर सगळ्यांत आधी मला. आणि कारखानिसांच्या कामाशिवाय माझं टेबल निम्मं रिकामं, हेही मलाच.

"ठाऊक होतं तर त्यांच्याकडं नेलंस कशाला मला?"

"दुसऱ्याकडं गेलो असतो तर त्यांना राग आला असता. काम बंद झालं असतं. वाटलं, मी त्यांचा रोजचा माणूस, माझ्यासाठी तरी..."

"तुझ्यासाठी तरी काय?"

"फीमध्ये सवलत देतील, वाटलं."

शालननं वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. गिऱ्हाईकानं आणलेलं कापड मापात बसत नाही हे कळल्यावर ती जशी बघायची, तशी बघत होती. किती कमी पडतंय त्याचा अंदाज घेत.

"अर्ज आजच मारायचा?" तिनं विचारलं.

"आजच. मशीन घरी घेऊन येतो. दार लावून बसू, कुणाला कळणार नाही."

"घरी नाही. चिंचेखाली."

"शालन, तिथं सगळे..."

"म्हणूनच."

तीन वाजता मी टेबलावर बसलो. कोर्ट भरलेलं. शालननं इनुसचं स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली. चार कागद, मध्ये तीन कार्बन, मशीनमध्ये सरकवले. 'मे. जिल्हा ग्राहक मंच, सांगली यांचे समोर.' बावीस वर्षांत त्याखालची ओळ कधी कोरी गेली नव्हती: 'तर्फे ॲडव्होकेट'. त्या दिवशी मी तिथं टाईप केलं, 'तक्रारदार स्वतः'. कळ दाबताना बोट चुकलं, खोडरबर लावावा लागला.

"तिसऱ्या दिवशी तक्रारदाराच्या बोटांचा रंग निळसर झाल्याचे..." मी सवयीनं मारत होतो.

"निळसर कुठं? काळी पडली होती. काळी लिही."

"काळी."

"आणि त्यांनी आत बोलावलं नाही. दारातून बघितलं. लिही."

"दारातून."

आजूबाजूला माणसं थबकत होती. एक वकील मागं उभा राहून दोन ओळी वाचून गेला. मग दुसरा आला. कुणीतरी बारमध्ये सांगितलं असावं, कारण तिसरं पान चढवत होतो तेव्हा कारखानीस स्वतः आले. हातात कोट, चेहऱ्यावर तेच हसू.

"काय तारळेकर, जोरात चाललंय."

"अर्ज आहे साहेब."

"वकील कोण दिला?"

"कुणी नाही. हिचा अर्ज हीच देणार."

"आणि माझी ना हरकत?"

शालन मान वर न करता म्हणाली, "ती ठेवा तुमच्याकडंच. लागली तर सांगू."

मागं कुणीतरी खोकलं. हसण्याचा खोकला होता तो. कारखानिसांनी कोट दुसऱ्या हातावर घेतला आणि माझ्याकडे नाही, इनुसकडे वळून म्हणाले, "मुलाणी, माझे सोळा दावे तारळेकरांकडे पडून आहेत. उद्या तुमच्याकडे घ्या. त्यांना आता वकिलीमुळे वेळ मिळणार नाही."

इनुसनं माझ्याकडे बघितलं, मग खाली मशीनकडे. "बरं साहेब," म्हणाला. त्याला चार मुली होत्या. मी त्याला नाव ठेवत नाही. त्यानंच थोड्या वेळानं स्वतःच्या खणातले तीन नवे कार्बन माझ्या टेबलावर सरकवले, कारण माझे झिजले होते आणि चौथी प्रत उमटत नव्हती.

शुक्रवारी, दहा तारखेला, अकराच्या सुमारास आम्ही त्याच खिडकीशी उभे होतो. गजरेवाल्या बाईंनी पानं मोजली, झेरॉक्स तपासल्या आणि सहीपाशी थांबल्या. शालननं डाव्या हातानं सही केली होती. लहान मुलाच्या पाटीवर असतात तशी मोठी, वाकडी अक्षरं.

"सही अशी कशी?"

"उजव्या हाताचीच तर तक्रार आहे," शालन म्हणाली.

बाईंनी शिक्का उचलला. तो कागदावर पडला. जावक, आवक, शिक्के, यांतच माझं आयुष्य गेलं. शिक्क्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला असं वाटलं.

केस तीन वर्षं चालली. हिरव्यांनी जबाब दिला की बाई दहा तारखेला आल्याच नव्हत्या, घरी निष्काळजी राहिल्या. आमची चिठ्ठी कारखानिसांच्या फाईलमधून कधीच निघाली नाही. शेवटी शालननंच उभं राहून मंचाला सांगितलं, "साहेब, त्यांच्या दवाखान्यात गेल्या गेल्या नर्स वहीत नाव घालते. ती वही मागवा." मागवली. दहा सप्टेंबर, अनुक्रमांक एकतीस, शालन पां. भिसे, प्लास्टर, दुखणे. डॉक्टरांच्याच दवाखान्यातलं अक्षर. निकाल आमच्या बाजूनं लागला. एक लाख ऐंशी हजार आणि त्यावर व्याज.

निकालानंतर महिन्याभरानं हिरवे डॉक्टर मला बाजारात भेटले. मी तोंड चुकवत होतो, तेच थांबले. "तारळेकर, एवढं कशाला केलंत? आधीच थेट मला येऊन सांगायचं. आमचा विमा असतो अशा गोष्टींचा. कंपनीचा पत्ता मीच दिला असता." माणूस मनापासून बोलत होता. म्हणजे कारखानिसांनी ज्याला वाचवायला चार वर्षं आमचे कागद दाबून ठेवले, त्याला वाचण्यासारखं काही झालंच नव्हतं. मला तिथं बाजारात, भाजीच्या पिशव्यांसकट, खाली बसावंसं वाटलं.

तर कुणी काय भरलं? डॉक्टरांनी काही भरलं नाही, चेक विमा कंपनीचा आला. त्यांच्या दवाखान्यावर पुढच्या वर्षी दुसरा मजला चढला. कारखानिसांनी काही भरलं नाही. आम्ही दिलेली पहिली फी त्यांच्याकडेच राहिली आणि नंतर ते बारचे अध्यक्ष झाले. मी माझं टेबल देऊन भरलं. चिंचेखालून उठलो आणि तहसील कचेरीसमोर रेशनकार्डाचे अर्ज मारत बसलो, आणि ते फार झालं असं मी कधी म्हटलं नाही. शालननं मिळालेल्या पैशांत दोन मशिनी घेतल्या, दोन मुली कामाला ठेवल्या. ती माप सांगते, मुली कापतात. बायका अजून लांबून येतात, शालनताईसारखं फिटिंग दुसरीकडं बसत नाही म्हणतात. आणि रोज सकाळी आंघोळ झाली की पाठमोरी होऊन ती माझ्या बायकोला हाक मारते, "वहिनी, हूक लावता का?" माझी बायको हातातलं पीठ झटकते आणि जाते.